तारेवरचे तीन टाके

केबल म्हटलं की मला खांबावरची आठवते.
सव्वीस वर्षं पाचगणीत वायरमन आहे.
रणपिसे मेट्रन म्हणाल्या, ही वेगळी.
तीन टाके थांबवायचे, तीन पुढे जाऊ द्यायचे,
मग थांबलेल्यांना बोलवायचं.
पीळ आपोआप पडतो.

अख्खा स्वेटर झेपणार नाही हे त्यांनी
माझ्या बोटांकडे बघूनच ओळखलं.
तुकडे कर, म्हणाल्या. आधी पाठ.
मग छाती, दोन फाकांत. बाह्या शेवटी.
मापं माझीच.
तुकडा पक्कड-टेस्टरच्या पिशवीत मावतो,
लोकरीला ग्रीसचा वास लागतो, एवढंच.

टाके थांबवायची सुई बाजारात मिळाली नाही.
तांब्याची तार घेतली, दगडावर घासली,
मधे जराशी वाकवली.

पाठीवर सातव्या पिळात चूक आहे.
वरून जायचे ते टाके खालून गेले.
उसवू का, विचारलं.
मेट्रन बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
"पाठीवरची आहे. ज्याची त्याला दिसत नाही."

काल रात्री दांडेघरची लाइन गेली.
धुकं असं की खांबच सापडेना.
फोनवर एक जण माझ्या आईपर्यंत पोचला.
दुसऱ्या बाहीचा नववा पीळ अर्ध्यात होता,
तसाच टेबलावर ठेवून शिडी उचलली.

परतलो तेव्हा उजाडत होतं.
हात बधिर, चहा निवून साय धरलेला.
आणि ते तिघं तारेवर,
ठेवले तिथंच,
एकही निसटला नव्हता.