ठेवणीतलं

नावासाठी सहाच चौकोन होते.
इंग्रजी स्पेलिंगात वत्सला मावेना, शेवटचा 'ए' बाहेर राहिला,
म्हणून आमच्या टोळीतली जखमा भरणारी
वत्सल झाली.
खेळाला मराठी येत नाही,
तरी कात्री नेमकी तिथेच लावली त्यानं.

हे ग्रिम्सबीतलं. फेब्रुवारी, सकाळचे आठ.
मी मासळीच्या शीतगृहातून आलेला,
उणे बावीस अंश अजून बोटांच्या पेरांत,
आणि पडद्यावर आम्ही चौघं दलदलीतून चाललोय,
एकामागोमाग एक,
जशी आगगाडी करायचो शाळेत, पुढच्याच्या सदऱ्याचं टोक धरून.

मला आवडतं तिथे.
कुणाच्याही घरात शिरावं, रांजण फोडावेत, फडताळं उघडावीत,
घरमालक म्हणतो, "उत्तरेला गुहा आहे हो."
पुन्हा विचारा: "उत्तरेला गुहा आहे हो."
शेजारचा डेरेकही गेली अकरा वर्षं
कुंपणावरून एवढंच म्हणतो, "आज जरा गारठाच आहे, नाही?"
जूनमध्येसुद्धा.
तो भेटला की वाटतं, चला, आपण रस्ता चुकलेलो नाही.

तिथे राक्षससुद्धा थांबतो.
माझी पाळी संपेपर्यंत जागच्या जागी डुलत राहतो.
मी यादी वाचतो, चहाचा घोट घेतो,
ठरवतो, तलवार की मंत्र.
आमचा फोरमन असा कधी थांबलेला नाही.

आणि सराई! वीस नाणी, काळोख, चार सुरांची धून,
झाली सकाळ, सगळ्यांचं सगळं भरून आलं.
माझी कंबर दोन हजार चौदापासून भरून यायची आहे.

एक खेळ कुणी इंग्रजीत आणलाच नाही.
त्यासाठी जपानी अक्षरं गिरवली, एकेचाळिसाव्या वर्षी,
जेवणाच्या सुट्टीत, हॅडकच्या पावत्यांच्या पाठीवर.
पहिल्या ओळीत अ इ उ ए ओ,
आणि खाली चक्क
क कि कु के को.
इतक्या लांबच्या घरात आपलीच बाराखडी,
फक्त माणसं थोडी कमी.

पण सांगायचं होतं ते अमृताचं.
निळ्या कुप्या. सबंध खेळात मोजून सतरा.
एक प्याली की मरणाच्या दारातला माणूस परत येतो.
मी आजवर एकही वापरली नाही,
कुठल्याच खेळात, पंचवीस वर्षं.
पुढे लागेल. मोठा राक्षस यायचाय.
मोठा राक्षस आला, मेला, श्रेयनामावली वर सरकली,
कुप्या सतराच्या सतरा.

आज वत्सला रात्रपाळीवरून आली,
बूट न काढता सोफ्यावर बसली.
वॉर्डात दोघं गेले, म्हणाली. पुढे काही नाही.
मी चहाचं आधण ठेवायला गेलो.
परत आलो तर कंट्रोलर तिच्या हातात,
समोर एक बेडूक. साधा, तीन नाण्यांचा बेडूक,
आणि तिनं कुपी फोडलेली.

"अगं!"
"त्या मागच्याला लागलं होतं."
"जरासं खरचटलं होतं त्याला."
"लागलं होतं ना पण?"

सोळा.

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो.
कपाटाच्या वरच्या फळीवर सहा कप आहेत,
सोनेरी कडेचे, लग्नात आलेले,
'कुणी आलं तर' म्हणून
दोन हजार सहाच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
त्यातले दोन सोडवले.
एकाला आधीपासूनच तडा होता,
तो मी घेतला.

बाहेर आलो तेव्हा
बेडूक अजून तिथेच होता, डुलत,
आमची पाळी संपायची वाट बघत.