उत्तरेची खिडकी

माउसच्या टोकाने रौनी भिंत ओढते,
साडेतीन मीटर. सोडली की काळी होते.
चूल इथे. बुटांना जागा. सौना जरा लांब.
मग तारखेची पट्टी सरकवत बसते
उन्हाचा चौकोन पाहायला:
जूनमध्ये तो घरभर हिंडतो, झोपतच नाही,
सप्टेंबरात टेबलाशी टेकतो,
नोव्हेंबर सरता सरता
नुसतं राखाडी.
पट्टी बिघडलेली नाही. उत्सयोकीत असंच असतं.

ती स्वयंपाकघराची खिडकी उचलते,
उत्तरेला लावते.
प्रोग्राम लाल होतो: उष्णता वाया जाईल.

जाऊ दे.
त्याला कुठे ठाऊक,
तिकडे, नदीपलीकडे,
ओउला पहाटे पाचला शेडमधला दिवा लावतो
आणि कधीकधी
विझवायला विसरतो.