डावा कोपरा

बर्फाच्या कारखान्याच्या पावतीमागे
सात गोल काढले, सात नावं लिहिली.
मग मुनीरा परकारचं नाव खोडलं
आणि पार डावीकडे, रेषेला चिकटून, पुन्हा लिहिलं.

गुहागरची केतकी आग्रे पाच फूट आठ.
हात असे लांब, की मधली पोरगी मागे सरेस्तोवर
दोन गुण खिशात घालून परत.
तिच्यासमोर मुनीरा. चार फूट अकरा,
वजन बेचाळीस, तेही जेवल्यावर.

सगळे म्हणाले, बाई, उंचीला उंची लावा,
राजश्री आहे की डोलकाठीसारखी.
मी म्हटलं, डोलकाठी लांबून दिसते.
मासा जाळ्यात सापडतो, आणि जाळं खाली असतं.
बोलून गेले खरी.
रात्री झोप आली नाही.

केतकीचे तीन सामने पाहिले होते मी,
एक तर गर्दीमुळे टेम्पोच्या टपावर बसून.
उजव्या पायावर ती दोनदा नाचते,
तिसऱ्यांदा नाचत नाही.
त्या चुकलेल्या ठेक्यात तिचा घोटा
जमिनीवर थांबतो अर्धा श्वास.
तेवढा आपला.
बाकी तीस मिनिटं तिची.

हर्णैच्या पुळणीवर, ओहोटीच्या ओल्या वाळूत,
माझा भाऊ रमाकांत केतकी झाला.
पंधरा दिवस सगळं बंदर
त्याला केतकी म्हणून हाक मारत होतं,
लिलावातसुद्धा.
मधल्या दोघींनो, घाबरल्यागत मागे व्हा.
मुनीरा, तू बाजारात विसरलेली पिशवी.
कुणी बघायचं नाही तुझ्याकडे.
एक, दोन, आणि घोटा.
"बाई, आणि तिसऱ्यांदा नाचली तर?"
मी शिट्टी वाजवली. पुन्हा घ्या, म्हटलं.

सामन्यात पहिल्याच चढाईला
केतकी तिसऱ्यांदा नाचली.
मग चौथ्यांदा.
पलीकडे त्यांचे वैद्य सर खुर्चीत शांत,
मांडीवर कसलासा कागद.
तेव्हा कळलं, टेम्पोच्या टपावर
मी एकटीच चढले नव्हते.

मुनीरा दोनदा बाहेर गेली.
दोनदा मला वाटलं, राजश्रीला कोपऱ्यात घ्यावं.
घेतलं नाही. हट्ट होता की विश्वास,
अजून सांगता येत नाही.

शेवटची चढाई. आम्ही बावीस, त्या तेवीस.
हॅलोजनखाली धूळ अशी, की
केतकीचे पाय ढगातून चालल्यासारखे.
एक ठेका, दोन, तीन, चार,
मुनीरा वाकली, मला वाटलं फारच लवकर,
आणि मी दोरीला धरून ओरडले,
"नको, मुनीरा!"

तिनं ऐकलं नाही.
घोटा तिच्या दोन्ही मुठीत होता,
वर राजश्री, वर बाकीच्या,
खाली कुठेतरी केतकीचा श्वास तुटला.
पंचांनी आमच्या बाजूला एक बोट वर केलं.
मग दुसऱ्या बाजूलाही एक.
पडायच्या आधी तिचा पाय
बोनस रेषा ओलांडून आला होता.

तेवीस, चोवीस.

धोपाव्याला पहाटेची पहिली फेरीबोट.
पोरी एकमेकींवर रेलून झोपलेल्या,
रमाकांत शेव-चुरमुऱ्याची पुडी फोडत होता.
मुनीरा जागी. म्हणाली, बाई, ती पावती द्या.
गुडघ्यावर ठेवून तिनं आठवा गोल काढला,
मैदानाच्या बाहेर, दोरीपाशी.

"ही कोण?"
"तुम्ही.
तुम्ही ओरडलात ना,
तशी तिनं मान वळवली तुमच्याकडे
आणि पाय थांबला.
अर्धाच श्वास, तुम्ही म्हणाला होतात तेवढा."

दाभोळची जेटी जवळ येत होती.
मी खाडीकडे बघत राहिले.
तिनं पावतीची चार घड्यांची घडी केली,
माझ्या हातात दिली.

"पुढच्या वेळी
मुद्दाम ओरडा.
पण थोडं आधी.
तिचा पाय रेषेवर जायच्या आधी."