बेणं

आचाओच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं
रात्रपाळी केली मी.
खाटा अकरा. खिडकीबाहेर चिलीचा दक्षिण समुद्र,
भरती, ओहोटी, भरती,
आणि टेबलाच्या खणात माझी निळी वही.

माणूस गेला की घरचे पहिलं हेच विचारतात:
शेवटी काय म्हणाले?
जणू निघता निघता उंबऱ्यात थबकून
खिशातली किल्ली काढून देतं माणूस.

वहीतलं खरं सांगू?
ओफेलिया लेविकोय म्हणाली, मोजे कुणी ओले केले.
होड्या बांधणारा रेमिहियो: चहा निवला.
एकानं नुसते आकडे म्हटले,
सतरापर्यंत आला. अठरा राहिला.
एकीनं माझं नाव विचारलं, मी सांगितलं,
ती म्हणाली, बरं.

हे कोणत्या तोंडानं सांगायचं
पुंता आरेनासहून दीड दिवसाचा प्रवास करून आलेल्या पोराला?
मी खोटं बोलले आहे. चार वेळा.
"तुझी आठवण काढली"
स्वस्तातलं वाक्य आहे, आणि जन्मभर पुरतं.

एवारिस्तो बार्रियाचं मात्र निराळं.
फेरीबोट हाकायचा, दालकाउए ते बेट,
बेट ते दालकाउए,
पाच-सात मिनिटांच्या पाण्यात सगळं आयुष्य.
त्यानं आपलं शेवटचं वाक्य तयार ठेवलं होतं,
कागदावर, पाकिटात, बायकोच्या फोटोमागे.
मला तीनदा वाचून दाखवलं.
सुंदर होतं. त्यात समोरचा काठ होता,
दिवा होता, माफी होती.
तिसऱ्यांदा वाचून पेन मागितलं,
"'अखेर' काढतो," म्हणाला, "भाषण वाटतं."

गुरुवारी पहाटे सव्वाचारला जाग आली त्याला.
मी पाकीट पुढे केलं. त्यानं बोटानं बाजूला सारलं.
एदेल्मिराला, थोरल्या लेकीला, जवळ बोलावलं.
तिनं कान त्याच्या ओठांशी नेला.

"खोपटात, जाळ्याखालच्या पोत्यात,
जांभळ्या बटाट्यांना कोंब आलेत.
खाऊ नका."

झालं. एवढंच.

ती रडली नाही, चिडली.
"एवढंच? मला एवढंच?"
पाकीट माझ्या मुठीत होतं. देता आलं असतं.
का कोण जाणे, नाही दिलं.

मार्चमध्ये ती दवाखान्यात आली, टोपली घेऊन.
नखांत माती. बोटांएवढे वाकडे बटाटे,
कापले की आत जांभळी वलयं,
झाडाच्या खोडात असतात तशी.
आजीचं बेणं म्हणे,
ती लग्न होऊन आली तेव्हा एप्रनच्या खिशातून आणलेलं.
बाकी बेटावर कुणाकडे उरलं नव्हतं.
दुकानातले पांढरे गोल बटाटे आले आणि
लोक विसरले.
तिनं अकरा घरी वाटले.
प्रत्येक दारात तेच सांगितलं,
बापाच्याच सुरात, बापासारखाच दम देत:
सगळे खाऊ नका.

तेव्हा मी पाकीट दिलं.
कागद उलगडून ती उभ्यानं वाचत राहिली, बराच वेळ.
"छान लिहिलंय," म्हणाली. "कुणाकडून लिहून घेतलं?"
त्यानंच, मी म्हटलं.
तिनं कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर
माझ्याच पेननं लिहिलं:
जांभळे. बाबांचे. तीन पोती. सप्टेंबरात लावायचे.
घडी घालून खिशात ठेवला.

आता मी निवृत्त आहे. वही घरी आणली आहे.
माझं वाक्य काय असेल, कधी कधी जुळवून पाहते,
दुसऱ्या ओळीतच हसू येतं.
जिन्याखाली, काळोखात, वर्तमानपत्रावर
तिनं दिलेले पाच बटाटे ठेवलेत.
काल वाकून पाहिलं.
डोळे उघडू लागलेत.