तीनशे अठरा

पहाटे साडेपाचला गिरगाव चौपाटीवर
एका कॉलेजातल्या पोरीनं माझा दंड धरला
आणि काळ्या मार्करनं त्यावर आकडा लिहिला.
बावीस वर्षं मी लोकांचे दंड धरते,
रबर बांधते, शीर शोधते,
बाटलीवर नंबर टाकते.
माझ्यावर नंबर पडायची ही पहिलीच वेळ.
नकळत मूठ आवळली.

पोहायला शिकले ते पंचेचाळिशीनंतर,
महापालिकेच्या तलावात, बायकांच्या बॅचला,
जिथे दर पंचवीस मीटरला भिंत असते
आणि भिंतीला धरून दम खाताना
कुणाच्या सुनेचं काय चाललंय तेही कळतं.
तळाला काळ्या फरशांची सरळ रेघ असते.
समुद्राच्या तळाला रेघ नव्हती.
तळच नव्हता.
होतं ते कालच्या चहासारखं पाणी
आणि दोनशे नारिंगी टोप्या
एका पिवळ्या फुग्याच्या मागे लागलेल्या.
कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली.
थांबले. उभी राहू गेले. पायाखाली काही नाही.

होडीतल्या माणसानं वल्हं आडवं धरलं.
मोरेश्वर तांडेल, नाव नंतर कळलं.
"पान्याशी भांडू नको, बाय," तो म्हणाला,
"पानी तुला ओलखत पन नाय.
उतानी हो. आभाल बग जरा."
मी उताणी झाले.
मलबार हिलचे दिवे विझत होते.
वल्हं धरलं तर चालतं, त्यानं ओढलं तर बाद,
नियम पाठ होता.
मी ते धरलं नाही.
ते तिथे आहे एवढं बघून घेतलं
आणि पालथी झाले.

किनाऱ्यावर विद्याधर टॉवेल घेऊन उभा,
जिवाच्या आकांतानं हात करत होता
दुसऱ्याच एका नारिंगी टोपीला.
त्या बाईनंही त्याला हात केला, बिचारीनं.

सायकल भाच्याची.
आधी हेल्मेटचा पट्टा, मगच सायकलला हात.
ज्या बोटांना तान्ह्या बाळाची शीर सापडते
त्यांना एक बक्कल लागेना.
मोज्यात वाळू. असू दे.
मरीन ड्राइव्हला चार फेऱ्या,
आणि समोरून वारा, ज्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की रस्ता आज बंद आहे.
सगळे मला मागे टाकून गेले.
सत्तरीचा एक पारशी म्हातारा तर
घंटी वाजवून, "सॉरी हां, डिकरा" म्हणत.

उतरले तेव्हा पाय माझे नव्हते.
कुणाचे तरी उसने, दोन वेगळ्या मापांचे.
त्यांच्यावर पाच किलोमीटर.
कठड्यावर कुत्रा घेऊन बसलेल्या एकानं विचारलं,
"हे कशासाठी चाललंय?"
तेव्हा माझ्याकडे श्वास नव्हता.
नंतर श्वास आला तर उत्तर नव्हतं.

शेवटची कमान हवा भरलेली होती
आणि हवा काढायला माणूस येऊन वाकला होता.
त्यानं मान वर करून मला पाहिलं,
बुचावरचा हात काढला,
आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला,
घरच्या कुणाला उशीर झाल्यासारखा.

"काय मस्त पोहलीस!" विद्याधर म्हणाला,
"मी सारखा हात करत होतो."
"बघितलं ना," मी म्हटलं,
आणि अर्धं केळं त्याला दिलं.

सोमवारी सात वाजता लॅब.
स्पिरिटनं घासूनही आकडा पुरता गेला नव्हता.
पहिलाच पेशंट, उपाशीपोटी, मिशाळ, सुईला घाबरणारा,
माझ्या बाहीखालून डोकावणाऱ्या आठाकडे बघत राहिला.
"हे काय?"
"नंबर."
"कसला?"
"माझा. तिकडे बघा, खिडकीबाहेर. आभाळ बघा जरा."
खिडकीबाहेर आभाळ नव्हतं,
समोरच्या बिल्डिंगचा गळका पाइप होता.
त्यानं तो बघितला.
शीर सापडली.