फट

सकाळी नीट चालतो, म्हणाली दोन्या अम्पारो,
बारानंतर मात्र गरम फुंकर,
कुणी झोपेतला श्वास तोंडावर सोडावा तशी.
तीन गॅरेजांत तीन वेळा गॅस भरून झाला होता.
तिन्ही पावत्या तिनं बॉनेटवर मांडल्या,
हरलेल्या डावातल्या पत्त्यांसारख्या.
पांढरी त्सुरू, मागच्या सीटवर घडी घातलेली चादर.
ती डायलिसिसच्या माणसांची ने-आण करते,
आणि मेहिकालीत जुलै म्हणजे सत्तेचाळीस.

मी गेज लावले. निळी नळी, लाल नळी.
दोन्ही काटे जागच्या जागी, शहाण्या पोरांसारखे.
जाळीतून बोटं बधिर होतील असा गारवा.
दहाच वाजले होते ना.
कुठंतरी पाणी मुरतंय, मी म्हणाले,
जांभळा दिवा घेऊन वाकले, सांधा न् सांधा पाहिला.
हिरवं काही चमकलं नाही.
तरी माझा हात गॅसच्या टाकीकडे गेलाच.
वेन्सेस्लाओमामानं मनगट धरलं.
‘दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला.
चौथी पावती आपली नको.’
मग जरा वेळानं:
‘थांबू. बिघडू दे तिला.’

बिघडायची वाट पाहणं
कुठल्याच दरपत्रकात बसत नाही.
गाडी उन्हात, इंजिन चालू,
आम्ही तिघं मेस्कीटच्या विरळ सावलीत.
अम्पारोनं कोपऱ्यावरच्या चिनी खानावळीतून भात आणला,
सोयासॉसनं काळपटलेला, वर लिंबू.
रिगोबेर्तोबद्दल सांगत होती:
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
दिवसाचं पाणी तो कपानं मोजून पितो.
गाडीत घामानं निथळला की म्हणतो,
चला, तेवढंच मशीनचं काम कमी.
‘तो हसतो. मला नाही हसता येत.’

मामाला डाव्या कानानं ऐकू येत नाही.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तो कॉम्प्रेसरच्या अंगाला लावतो,
मूठ जबड्याला.
टक्.
हाडातून ऐकतो तो.
टक्. मग खळ. मग टक्.
बारा वाजून दहा मिनिटांनी
टक् आलाच नाही.

तारेत वीज होती, टेस्टरचा दिवा लागला.
गॅस होता. पट्टा फिरत होता, पुली फिरत होती,
पुढची चकती तेवढी उभी,
लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखी.
मामानं झाडू उलटा धरला
आणि दांड्यानं चकतीला समोरून हलकंच ढोसलं.
टक्.
धरलं तिनं. जाळीतून गार वारा.
अम्पारोनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला,
मग झाडूकडे पाहून तिलाच हसू आलं.

फट. एवढीच गोष्ट होती.
चुंबक आणि चकती यांच्यामधली,
वीस वर्षं घासून घासून रुंदावलेली.
गार असताना चुंबक तेवढं अंतर ओढून घेतो.
तापला की जोर सरतो,
बोलावत राहतो, पण पोचत नाही.
मी पात्यांचा गेज सरकवत गेले:
अर्ध्या मिलिमीटरला अडायला हवं होतं,
पूर्ण एक गेला, वर हललासुद्धा.
दहाच्या पान्यानं बोल्ट सोडवला,
चकती उतरवली, आतून एक वॉशर निघाला,
नखासारखा पातळ.
तो बाहेर ठेवून सगळं परत बसवलं.
भरलं काहीच नाही. काढलं.

पैसे किती, ते मामाला बराच वेळ सुचेना.
शेवटी एक आकडा सांगितला
आणि त्यातून भाताचे वजा केले.
शनिवार होता. ती भर दोनच्या उन्हात निघाली,
काचा वर करून.

वॉशर रात्री माझ्या खिशात सापडला.
दुसऱ्या दिवशी मामाला दाखवला.
ठेव, म्हणाला. आणखी काही वर्षांनी
ती फट पुन्हा रुंदावेल,
आणि तेव्हा काढायला आत काही उरलेलं नसेल.
मी विचारलं, मग?
त्यानं चांगला कान माझ्याकडे वळवला,
मला वाटलं ऐकू गेलं नाही.
‘मग नवा क्लच,’ तो म्हणाला,
‘आणि खरीखुरी पावती.’