टंच

तेवीस वर्षं सेलमच्या एका बोळात मी सोनं गाळलं.
आता विट्यात, खालच्या खोलीत भट्टी आहे,
रोज पेटतेच असं नाही.
कुणी तुटकी कुडी आणतं, कुणी आईच्या पाटल्या.
मूस, टाकणखार, मग तेजाब:
तांबं हिरवं होऊन निघून जातं,
चांदी पाण्यात लपते, मिठाच्या चिमटीनं परत येते,
तळाशी तपकिरी चिखल.
तेच सोनं. गिऱ्हाईक कधी विश्वास ठेवत नाही.

शिवांजली सुट्टीला आली
आणि माझ्या बिलबुकावर तिनं लिहिलं
२१४७४८३६४७
(खाली कार्बन होता, तिला दिसला नाही.)
"आबा, हे गाळून दाखवा."

एकाची एकतीस वेळा दुप्पट,
वरून एक काढून घेतलेला.
माझं तेजाब म्हणजे पाढे.
तीननं भागलं, एक उरला.
सातनं, एक. अकरानं, तोच एक,
घरजावयासारखा ठाण मांडून.
तेरानं दहा.
सतरानं आठ.
लाईट गेली, फोनच्या उजेडात एकोणीस: दोन.
"कुठवर जायचं गं?"
"छेचाळीस हजार तीनशे चाळीसपर्यंत.
पुढं गेलात तर तीच जोडपी उलट्या बाजूनं भेटतील."

दगडावर घासून नाही का बघत, म्हटलं.
दगड आहे म्हणाली.
कुठलाही आकडा घ्या, त्याच्या पटीवर पट चढवत न्या,
ह्या संख्येला एक कमी इतक्या वेळा,
मग तिनंच भागा. बाकी एक आली तर रेघ पिवळी.
"पण दगडाला फसवणारेही असतात, आबा.
पाचशे एकसष्ट. रेघ धमक पिवळी,
आणि आत तीन, अकरा, सतरा.
पोटातल्यांनीच विचारलं तर उघडी पडते, नाहीतर नाही."

पाचशे एकसष्ट मला माहीत आहे.
सेलमला एकदा तोडे घेऊन आला होता.

मग ती म्हणाली, अशा दोन मोठ्या मूळ संख्या घ्या,
शंभर शंभर अंकांच्या, तिपटीच्या,
गुणायला निमिष लागतं.
वेगळ्या करायला अजून कुणाचं तेजाब चालत नाही.
तुमच्या फोनवर पैसे येतात, ते ह्याच भरवशावर.

मी बराच वेळ बोललो नाही.
मिसळणं कुणालाही येतं,
वेगळं करणं हा आमचा धंदा,
त्यावर आमच्या गावाची निम्मी घरं उभी आहेत.

"आणि ही शेवटची?"
"शेवटची नसतेच," ती जांभई देत म्हणाली.
ती झोपली. मी एकशे तेरावर थांबलो.

चार दिवसांनी लेंगऱ्याच्या बाईंचा फोन:
"आबा, बिलावर फिकट निळा नंबर आहे, दहा आकडी.
कुणाचा आहे? लागत नाही."

माहीत आहे, म्हटलं.
मी एकशे तेरापर्यंत लावून बघितलाय.